आजुर महिन्यातली तारीख

माझं वय चुकीचं आहे हे मला कॉलेजच्या पत्रातून कळलं. इंटर सायन्सला मार्क चांगले पडले होते, औरंगाबादला डॉक्टरीसाठी नाव लागलं होतं, आईनं गल्लीत पेढेही वाटले होते. आणि मग गुरुवारी हे पत्र. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटप्रमाणे आपली सतरा वर्षं पूर्ण होत नाहीत, सोमवारी सकाळी अकराच्या आत जन्मतारखेचा मूळ नोंदीवरून काढलेला दाखला दाखल करावा, अन्यथा जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल.

"सोळा?" आई म्हणाली. "कोजागिरीच्या आधी तुला सतरा संपून अठरावं लागलं. मी ओवाळलंय ना."

वडिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून ठेवलं. ते जुन्या हैदराबाद राज्यात अदालतीत पेशकार होते. न्यायाधीशापुढे मिसली, म्हणजे दाव्यांच्या कागदांच्या फायली, मांडायच्या आणि तारखा सांगायच्या, हे त्यांचं काम. तिथल्या सरकारी कागदावर इसवी सन नसे, फसली असे. आजुर, दै, बहमन असे बारा महिने. फसलीत पाचशे एक्याण्णव मिळवले की इसवी निघते, हे आम्हा भावंडांना पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलेलं. वडिलांना तर कुठल्या दाव्याची पेशी कुठल्या साली झाली ते झोपेतून उठवून विचारलं तरी दोन्ही सनांत सांगता यायचं. न्यायाधीश बदलून जात, नवे येत, आणि नवेही तारखेसाठी त्यांच्याचकडे बघत.

"परभणीच्या शाळेतल्या कारकुनानं घोळ घातलाय," ते म्हणाले. "यांना फसली कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. बलद्याला जा. तुझ्या पहिल्या शाळेच्या रजिस्टरात खरी तारीख असेल."

बलदा म्हणजे हैदराबाद. नऊ वर्षांचा होईपर्यंत मी तिथेच वाढलो, मग वडिलांची बदली परभणीला झाली. गेल्या नोव्हेंबरात राज्याचे तीन तुकडे झाले. आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि हैदराबाद आंध्राची राजधानी झालं. कालपर्यंत आमच्या राजधानीचं शहर आता परमुलखात होतं, तरी वडील 'बलद्याला जा' असं म्हणाले, कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवावं तितक्या सहज.

बरोबर दोन मित्र निघाले. एक आमच्या गल्लीतल्या वकिलांचा मुलगा, दुसरा माझ्या वर्गातला, पाटलांचा. दोघांनीही हैदराबाद पाहिलेलं नव्हतं. माझी मदत हे निमित्त होतं, चारमिनार हे कारण. मला ते ठाऊक होतं आणि तरी एकट्यानं जायची माझी छाती नव्हती.

शनिवारी पहाटे पोचणारी गाडी काचीगुड्याला नऊच्या पुढे आली. शनिवारी कचेऱ्या दोनला बंद होतात. स्टेशनाबाहेर पडताना वकिलांच्या मुलानं त्याची चामड्याची बॅग पुढे केली. बापाची होती, कुलूपवाली. "तुझे कागद यात टाक. इथे खिसेकापू फार आहेत म्हणतात." मला ते पटलं. मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि कॉलेजचं पत्र मी माझ्या हातानं त्या बॅगेत ठेवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी त्याला जे बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते.

गौलीगुड्याजवळची माझी शाळा जागेवर होती, पण फळ्यावरची अक्षरं मला वाचता येईनात. आता तिथे तेलुगू वर्ग भरत. हेडमास्तर भला माणूस होता. त्यानं सांगितलं की जुनी मराठी आणि उर्दू रजिस्टरं सहा महिन्यांपूर्वीच हिमायतनगरच्या कचेरीत गेली. तिथे वाटणी चालू आहे, कुठली मुंबईला जायची, कुठली म्हैसूरला, कुठली इथेच ठेवायची. "लवकर जा," तो म्हणाला. "आठवड्याला एक लॉरी भरतात."

पाटलांच्या मुलानं रिक्षा थांबवली आणि आम्ही तिघे एकीत कोंबून हिमायतनगरला गेलो. सगळ्या वाटेत मी लॉऱ्या मोजत होतो. एका जुन्या बंगल्यात ती कचेरी होती. व्हरांड्यात लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे छातीइतके रचलेले, प्रत्येकावर खडूनं जिल्ह्याचं नाव. त्यांच्यामागे एक म्हातारे रेकॉर्डकीपर बसले होते. टोपी, पांढरी दाढी, शेरवानीचं वरचं बटण तुटलेलं. माझं सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "बलदे के स्कूल का रजिस्टर है तो इधरिच रहेंगा. मगर गट्ठे में है मियाँ, ढूँडना पडेंगा. शनाख़्त कौन देंगा?"

शनाख़्त म्हणजे ओळख. इथला कुणीतरी प्रतिष्ठित माणूस, जो आम्हाला ओळखतो आणि तसं अर्जावर सही करून सांगेल. त्याच्याशिवाय जुन्या नोंदीची नक्कल द्यायची नाही, अशी रीत. नऊ वर्षांचा असताना सुटलेल्या गावात मला कोण ओळखणार?

"वालिद किस के मकान में रहते थे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

घरमालक आठवले. गौलीगुड्यातच, शाळेमागच्या गल्लीत. मराठीच होते, आणि तेही वकीलच. रेकॉर्डकीपरांनी एका कागदावर अर्ज लिहून माझ्या हातात दिला. "सही लेके आओ. एक बजे तक मैं निकाल के रखता. साहब डेढ बजे तक सही करते, फिर घर कू जाते. सोमवार कू मिलेंगा नइ तो."

सोमवारी मिळून उपयोग नव्हता.

परत गौलीगुडा. साडेअकरा झाले होते. बस अड्ड्याच्या त्या मोठ्या पत्र्याच्या छपराशी उतरल्यावर वकिलांचा मुलगा म्हणाला, "तू घर शोध. आम्ही तोवर चारमिनार बघून येतो. पुलापलीकडेच आहे म्हणे. साडेबाराला इथेच."

"आत्ता?"

"तिघांनी मिळून एका म्हाताऱ्याची सही घ्यायची आहे का?" तो हसला. "संध्याकाळच्या गाडीनं परत. मग कधी बघणार?"

त्यात खोटं काही नव्हतं. मी 'जा' म्हणालो, आणि म्हणताना रेकॉर्डकीपरांनी लिहिलेला अर्ज चुरगळू नये म्हणून त्याच्या बॅगेत ठेवायला दिला. त्या क्षणी माझं डोकं कुठे होतं ते मला सांगता येत नाही. शाळेमागच्या गल्लीकडे होतं बहुतेक.

गल्ली सापडली. घर सापडायला वेळ लागला, कारण मी मोठा दरवाजा शोधत होतो आणि तो लहान निघाला. कडी वाजवली. दार उघडणारे गृहस्थ तेच होते, घरमालक वकील, फक्त आता पाठीत वाकलेले आणि जाड भिंगांच्या चष्म्यातले. मी वडिलांचं नाव सांगितलं.

"पेशकारसाहेबांचा पोरगा तू? आत ये, आत ये." त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला. "हौ, कपाळ तेच आहे. कसे आहेत? अरे, तुझ्या बापासारखा माणूस अदालतीत झाला नाही. तारीख म्हटली की आम्ही वकील लोक डायरी उघडत नव्हतो, तुझ्या बापाकडे बघायचो. एकदा पण चुकला नाही."

मी काय हवं ते सांगितलं. ते म्हणाले, "आण अर्ज." मी खिशात हात घातला आणि तसाच उभा राहिलो.

अर्ज बॅगेत होता, आणि साहेबांना दाखवायचं सर्टिफिकेट आणि पत्रही त्यातच, म्हणून नवा अर्ज लिहूनही भागणार नव्हतं. बॅग चारमिनारला गेली होती.

वकीलसाहेबांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आत जाऊन शेरवानी घालून आले, डोक्यावर टोपी, हातात काठी. "चल, अड्ड्यावर बसू. तिथेच सही करतो, आणि कचेरीत पण येतो. माझी सही आता कोण ओळखणार? तोंड बघितलं तर ओळखतील." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस भर दुपारी माझ्यासाठी रस्त्यावर उतरला. त्यांना रिक्षात बसवून मी अड्ड्याच्या तोंडाशी उभा राहिलो.

साडेबारा झाले. पाऊण झाला. पुलाकडून येणाऱ्या प्रत्येक बसमधून माणसं उतरत आणि त्यांत ते दोघे नसत. वकीलसाहेब रिक्षातून मला गप्पांत गुंतवायला बघत होते, परभणीला पाणी कसं आहे, आईचे गुडघे कसे आहेत. मी 'हो, हो' करत होतो. माझा जीव त्या बॅगेच्या कुलपात अडकला होता. मला दिसत होतं ते असं: मी सोमवारी मोकळ्या हातानं कॉलेजच्या दारात उभा आहे आणि यादीतला पुढचा मुलगा आत जातो आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता आला असता, असं आज म्हणणं सोपं आहे. वडिलांची नोकरी त्या वर्षी संपत होती. पुढच्या वर्षी मला कुठल्यातरी कचेरीत चिकटावं लागलं असतं, हे घरात कुणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी ते आले. पाटलांच्या मुलाच्या हातात बहिणीसाठी घेतलेल्या बांगड्यांची पुडी होती, आणि वकिलांचा मुलगा लांबूनच हात हलवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या हातातली बॅग हिसकावली, आणि त्याला म्हणालो की तुझ्या बापाच्या जिवावर तुला गावं बघत फिरता येतं, माझा बाप तसा नाही. त्याचा चेहरा उतरला. कुलपाची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. वकीलसाहेबांनी रिक्षात बसूनच गुडघ्यावर कागद धरून सही केली आणि एवढंच म्हणाले, "भांडण नंतर करा, रिक्षा चालू द्या." ते दोघे दुसऱ्या रिक्षानं मागून आले.

कचेरीत पोचलो तेव्हा दीड वाजायला पाच मिनिटं होती. रेकॉर्डकीपरांनी रजिस्टर काढून ठेवलं होतं. वकीलसाहेबांना बघून ते उभे राहिले, दोघांनी हात हातात घेतले, आणि शनाख़्त पुरी झाली. मग त्यांनी रजिस्टरातल्या ओळीवर बोट ठेवलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आणि जन्म: आजुर महिना, तारीख, फसली साल. उर्दूत, स्वच्छ.

"आजुर," ते म्हणाले. "साल का पहला महीना. अक्टूबर में आता. तो साल में पाँच सौ नव्वे मिलाते, एक्यानवे नइ. आजुर, दै, बहमन, इन तीनों कू नव्वे. इसवी का साल बाद में बदलता ना. आप का सत्रह पूरा है मियाँ, कब का."

मला हायसं वाटलं. परभणीचा तो कारकून! मी तसं बोलूनही दाखवलं.

त्यांनी रजिस्टराचं मागचं पान उलटलं. तिथे एक अर्ज डकवलेला होता. आम्ही परभणीला जाताना वडिलांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता, तो अर्ज. तेव्हा नुकतीच इसवी सुरू झाली होती, म्हणून वडिलांनी फसली तारखेपुढे इसवी तारीख स्वतः लिहून दिली होती. त्यांचं ते देखणं, किंचित उजवीकडे झुकलेलं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. पाचशे एक्याण्णव मिळवलेले होते. शाळेनं ती तारीख दाखल्यावर उतरवली, परभणीनं दाखल्यावरून, मॅट्रिकनं परभणीवरून. कारकून बिचारा कुठे नव्हताच.

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते डोळे रजिस्टराला लावून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

साहेब आतल्या खोलीत निघायच्या तयारीत होते. गुंटूरकडून नवीन आलेले, तरुण. रजिस्टर आणि अर्ज दोन्ही त्यांच्यासमोर गेलं. ते इंग्रजीत म्हणाले, "फसली जुलैत सुरू होतं. आमच्याकडे तसंच आहे." मद्रासकडचं फसली वेगळं, हे तेव्हा मला कुठलं ठाऊक! रेकॉर्डकीपर बाहेर गेले आणि दोन्ही सन शेजारी-शेजारी छापलेली एक जुनी जंत्री घेऊन आले. साहेबांनी आजुरचं पान पाहिलं, माझं साल पाहिलं, मान हलवली. मला वाटलं, झालं.

"पण बापानं स्वतःच्या सहीनं दुसरी तारीख लिहिली आहे," साहेब म्हणाले. "ती खोडून मी ही खरी म्हणू कशाच्या आधारावर? उद्या कुणी विचारलं तर?" घड्याळाकडे पाहून त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिहून द्या, की तुमच्या वडिलांनी ही तारीख चुकीची लिहिली. सही करा. दाखल्याला जोडून देतो."

मी पेन घेतलं आणि हात चालेना. गोष्ट खरी होती. जागा हवी होती, सगळ्या घराला हवी होती. पण तो कागद सरकारी मिसलीत जाणार होता, वडिलांनी आयुष्यभर मांडल्या तसल्या मिसलीत, आणि त्यावर त्यांच्या मुलाच्या सहीनं लिहिलेलं असणार होतं की यांना तारीख कळली नाही. मी वकीलसाहेबांकडे वळलो. "तुम्हीच म्हणालात ना, एकदा पण चुकले नाहीत?"

"लिही," ते हळू आवाजात म्हणाले. "तो इथे असता तर त्यानं स्वतः लिहिलं असतं."

मी लिहिलं. इंग्रजीत, दोन ओळी. माझ्या वडिलांनी हिशेबात चूक केली, खरी तारीख रजिस्टरातली. साहेबांनी दाखल्यावर सही केली, शिक्का उमटला, आणि रेकॉर्डकीपरांनी माझा कागद दाखल्यामागे टाचला.

बाहेर येऊन मी बॅगवाल्या मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे, चारमिनार काही एवढा मोठा नाही." पाटलांच्या मुलानं इराण्याकडे चहा पाजला. दोघे मजेत होते, मी दाखला हातात धरून बसलो होतो. बॅगेत ठेवायला नको वाटला. गाडीतही तो मी सदऱ्याच्या आत ठेवला, आणि वाटेत दोनदा मागची टाचणी काढून तो दोन ओळींचा कागद सुटा करावासा वाटला. पण मग दाखला अपुरा झाला असता. टाचणी तशीच राहिली.

रविवारी दिवस उजाडताना गाडी परभणीला थांबली. तिथे इंजिन पाणी घेई, दहा-बारा मिनिटं सहज मोडत. दोघे मित्र उतरले, मी मात्र तसाच पुढे औरंगाबादला जाणार होतो, म्हणून वडील फलाटावर डबा घेऊन उभे होते. आईनं दशम्या दिल्या होत्या. मी खिडकीतून डबा घेतला आणि डबा घेण्यात जेवढा वेळ घालवता येईल तेवढा घालवला.

"मिळाला?"

"मिळाला."

"बघू."

मी दिला. त्यांनी चष्मा लावला, दाखला वाचला, समाधानानं मान हलवली. "बघ, मी म्हणत नव्हतो? त्या कारकुनानं..." आणि मग टाचणी लागली हाताला. त्यांनी पान उलटलं.

त्यांना इंग्रजी हळूहळू वाचता येई. दोन ओळींना त्यांना फार वेळ लागला. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. खाली फलाटावर ते उजव्या हाताच्या बोटांची पेरं अंगठ्यानं मोजू लागले. ओठ हलत होते. आजुर. दै. बहमन. तिसऱ्या पेरावर अंगठा थांबला.

"पहिल्या तीन महिन्यांना नव्वद," ते म्हणाले. "हे मला ठाऊक होतं. तुम्हाला शिकवायला सोपं पडावं म्हणून एक्याण्णव सांगत आलो, आणि..." टाचणी नीट बसली आहे ना ते पाहून त्यांनी कागद मला परत दिला. "सांभाळून ने. इंग्रजी बरोबर लिहिलं आहेस."

मला काहीतरी बोलायचं होतं. वकीलसाहेब तुमच्याबद्दल काय म्हणाले ते सांगायचं होतं. गाडी हलली आणि मी फक्त 'येतो' म्हणालो.

सोमवारी साडेदहाला मी दाखला दाखल केला. माझी जागा राहिली. पुढे डॉक्टर झालो, चाळीस वर्षं दवाखाना चालवला, आणि त्या दोन ओळींवर ते उभं आहे.

वडील त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. पत्रं भरपूर लिहायचे, भावांना, जुन्या स्नेह्यांना, गौलीगुड्याच्या वकीलसाहेबांनाही. अक्षर शेवटपर्यंत तसंच देखणं राहिलं. पण पत्र लिहून झालं की वरच्या उजव्या कोपऱ्यातली जागा कोरी सोडून ते माझ्याकडे सरकवायचे. "तेवढी तारीख घाल," म्हणायचे.